पिरॅमिड, नातवंडे आणि एक संप



पिरॅमिडवर बोलण्याचा खरा अधिकार इतिहाससंशोधकांचा. आमची हयात गेली ती कारखान्यांच्या फाटकाशी सभा घेण्यात. पण मुलगा आखातात नोकरीला असल्यामुळे आम्ही उभयता, नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू असे कैरोला जाऊन आलो, आणि तेथे मुलांनी जे प्रश्न विचारले ते मात्र आमच्याच धंद्यातले निघाले. त्यांच्यापुरतेच आज बोलतो.

गिझाचा थोरला पिरॅमिड खुफू राजाचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. वाळवंटात एकटा उभा असेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात कैरोची वस्ती त्याच्या अगदी अंगाशी येऊन भिडली आहे. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, आज १३८. पायाची एकेक बाजू २३० मीटर. मुलांना घेऊन जायचे तर फाटक उघडताच आत शिरावे, पाणी जवळ ठेवावे आणि उंटवाल्यांशी घासाघीस करीत उन्हात उभे राहू नये. दगडांवर चढण्यास बंदी आहे, हे नातवाला चारदा सांगावे लागले.

आत जाण्याचे तिकीट निराळे. वर चढणारी वाट जेमतेम चार फूट उंच आणि १३० फुटांच्या आसपास लांब. राजाकडे जाताना मोठ्यांनी कंबरेत वाकावे आणि सहा वर्षांच्या पोराने ताठ मानेने चालावे, अशी ही वाट! नातू पुढे, आम्ही मागे ओणवे. मग एकाएकी २८ फूट उंचीचे दालन लागते आणि पाठ सरळ होते. शेवटी राजाची खोली. साऱ्या भिंती ग्रॅनाइटच्या, आणि तो दगड नदीतून सुमारे ८०० किलोमीटर अंतरावरच्या अस्वानहून आणलेला. आत झाकण नसलेली एक रिकामी दगडी पेटी. "एवढंच?" असे नातू म्हणाला, आणि त्याला रागावण्याचे आम्हांला काही कारण दिसले नाही.

बाहेर सावलीत बसलो तेव्हा दगडांचा विषय निघाला. दगड सुमारे २३ लाख. एवढा आकडा मुलांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून नातीला हिशेब घातला. काम वीस वर्षे चालले असे धरले, तर दिवसाला तीनशेहून अधिक दगड पडतात. दहा तासांची पाळी धरली, तर दर दोन मिनिटांस एक दगड जागेवर बसला पाहिजे. नातीने बोटांवर पुन्हा मोजले आणि विचारले, "आजोबा, मग ते जेवायला कधी बसायचे?"

मंडळी, हा प्रश्न विद्वानांनीही फार उशिरा विचारला. दोनशे वर्षे उकराउकर झाली ती राजाच्या खोलीची. पिरॅमिडच्या दक्षिणेस, कावळ्याची भिंत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड तटापलीकडे, मार्क लेहनर यांनी कामकऱ्यांची वसाहत उघडी केली. १९९१ साली तेथे भट्ट्या सापडल्या, घंटेच्या आकाराच्या जाड मडक्यांत पाव भाजण्याच्या. गुरांची आणि शेळ्यामेंढ्यांची हाडे तर ढिगांनी निघाली. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला, आणि त्या निमित्ताने कामकऱ्यांची स्मशानभूमी उजेडात आली. त्या सांगाड्यांची मणक्यांची हाडे ओझ्याने झिजलेली आहेत. पण मोडलेले हात नीट बसवून सांधलेलेही आहेत. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ येथे, पिएर ताले यांच्या पथकाला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी मिळाली. चाळीसेक माणसे घेऊन तो तुऱ्याचा चुनखडक होड्यांतून गिझाला आणीत असे. आज भरले, आज निघालो, आज पोचलो, असे रोजचे टिपण; शिवाय शिध्याचा हिशेब. लिहिलेले याहून जुने पपायरस अद्याप कोठे सापडलेले नाही, आणि ती निघावी मुकादमाची वही!

हिरोडोटसने एक लाख माणसे लिहिली, चित्रपटांनी त्यांच्या पाठीवर आसूड ओढले. आता संशोधक बरेच कमी माणसे धरतात आणि ते गुलाम नव्हते असे सांगतात. पुरावा पाहता ते पटते. राजाच्या पिरॅमिडच्या छायेत गुलामाला कबर कोण बांधू देईल? टोळ्यांनी आपली नावेही रंगवून ठेवली आहेत: एक 'खुफूचे मित्र', एक 'मेनकाउरेचे मद्यपी'. पण यावरून काही मंडळी, ते सारे हौसेने आणि भक्तीने राबले, असे सांगू लागली आहेत. तेथे आम्ही थांबतो. राजाने गावोगावची माणसे बोलावली, ती आली. नको म्हणण्याची सोय किती होती, हे त्या झिजलेल्या मणक्यांना विचारावे. आपल्याकडे याला वेठ असा साधा शब्द आहे. वेठीला पोटभर जेवण मिळाले म्हणून ती वेठ राहत नाही असे नाही.

एवढे ऐकल्यावर नातू म्हणाला, "मग त्यांनी संप का नाही केला?" आमच्या घरात हा शब्द पोरांना दुधाबरोबर मिळतो, त्याला इलाज नाही.

खुफूच्या काळचा संप कोठे नोंदलेला नाही. परंतु त्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी, तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, याच देशात तो झाला. हे कारागीर देर अल-मदीना गावचे, राजांच्या कबरी खोदणारे व रंगविणारे. पगार धान्यात. धान्य थकले तेव्हा ते हत्यारे टाकून निघाले, नाकी ओलांडून गेले आणि देवळाच्या मागे जाऊन बसले. अधिकारी आले, समजूत घातली, आश्वासने दिली. माणसे उठली नाहीत. आम्ही भुकेपोटी आलो आहोत, राजाला कळवा, एवढेच त्यांचे म्हणणे. तो सारा वृत्तान्त लिहिलेला पपायरस इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगातला लेखी नोंद असलेला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो.

"मिळालं का धान्य?" नातीने विचारले.

मिळाले. मागच्या महिन्याचे थकलेले मोजून दिले. पण पुढे पुन्हा थकले, आणि ती माणसे पुन्हा नाकी ओलांडून आली.