बावीस पाने, जलरंगातली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, सभागृहातील चित्रांच्या मांडणीनिमित्त केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. पंचवीस वर्षांत या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो तो बहुतेक वेळा मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलायला, त्यामुळे मी माईक हातात घेतला की मागच्या दोन रांगा हळूच उठतात. आज कोणी उठू नका. आज थकबाकी नाही, चित्रं आहेत. खामगावला रजतनगरी म्हणतात, आणि आपल्या संस्थेचाही यंदा रजतमहोत्सव. त्यात माझी ही कागदी भर.

आधी एक खुलासा. गेले दोन महिने आपल्या आवारात अशी बातमी आहे की बँकवाले काका आता पत्त्यांवर भविष्य सांगतात. दोन भगिनी मुलीच्या लग्नाचं विचारायला घरी येऊनही गेल्या. मी चहा पाजला आणि सांगितलं की मला फक्त व्याजदर सांगता येतो, तोही जुना. भिंतीवर लावलेली ही बावीस चित्रं टॅरोच्या पत्त्यांची आहेत हे खरं. पण मी ती रंगवली आहेत, वाचत नाही.

माझी नात पुण्यात शिकते. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आली ती पत्त्यांचा एक कॅट घेऊन. म्हणाली, आजोबा, तुम्ही शिल्लक कॅलेंडरांच्या मागे चित्रं काढत बसता, मला असा एक आपला कॅट काढून द्या. मी साफ नाही म्हटलं. आयुष्यभर सह्या आणि पुरावे तपासलेला माणूस मी, ज्योतिषाचं सामान कशाला तयार करू? ती म्हणाली, आधी बघा तर खरं.

बघितल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती कोपऱ्यातली सही. पानापानावर एक बारीक वेलबुट्टीसारखी खूण. ती आद्याक्षरं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. १९०९ साली लंडनमध्ये हा कॅट निघाला. त्यात एकूण ७८ पाने, त्यांपैकी २२ मोठी, चित्रांची. शून्यापासून एकवीसपर्यंत क्रमांक. बाईंनी ती सगळी थोड्या महिन्यांत काढली. मोबदला एकदाच आणि थोडा, पुढच्या विक्रीत हिस्सा नाही. प्रकाशकाचं नाव रायडर, कल्पना सांगणाऱ्याचं नाव वेट, म्हणून जगभर तो कॅट रायडर-वेट नावाने खपला. बाई १९५१ मध्ये कर्जात वारल्या. आता आता कुठे त्या नावाला शेवटी ‘स्मिथ’ जोडू लागले आहेत. सही सगळ्या पानांवर होती, पण कोणी ती वाचली नव्हती. बँकेत असं झालं असतं तर त्याला आम्ही गंभीर त्रुटी म्हटलं असतं.

दुसरी गोष्ट नातीने सांगितली आणि मी पुस्तकात पडताळून पाहिली. टॅरो हा मुळात खेळच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत लोक ती पानं खेळायला वापरत. त्यावर भविष्य पाहायची टूम अठराव्या शतकातली, फ्रान्समधली. म्हणजे तीनेकशे वर्षं ती पानं निव्वळ रमी-बदामसातसारखी करमणूक होती. हे कळल्यावर माझा विरोध निम्मा गळाला.

उरलेला निम्मा गळाला तो सावंतवाडीच्या आठवणीने. निवृत्तीनंतर आम्ही दोघं कोकणात गेलो होतो तेव्हा तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहिला होता. गोल पानं, दशावताराची. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शा अशी बारा, एकूण १२० पानं. मत्स्याच्या रंगाला मासा, कूर्माच्या रंगाला कासव, परशुरामाच्या रंगाला परशू. हा खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ साली सिंधला कोणाला तरी गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसवले. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, घोटून पानं बनवत. नंतर छापील पत्ते स्वस्त झाले, कला मोडकळीला आली. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी जुन्या चिताऱ्यांकडून ती पुन्हा शिकून घेतली, शिकवली, म्हणून वाचली.

तिथे एक कारागीर माझ्यासमोर काम करत होता. त्याने एक पान पुरं केलं नाही. एक रंग घेतला आणि ओळीने मांडलेल्या सगळ्या पानांवर तो तेवढाच लावत गेला. मग दुसरा. तेव्हा मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं. पुढे उपयोगी पडलं.

कारण जलरंगाची अडचण काय आहे ते सांगतो. तेलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागदच. जिथे उजेड हवा तिथे कागद मोकळा सोडायचा, आणि एकदा रंग बसला की बसला. त्यातून आपलं खामगाव! मे महिन्यात आभाळाचा वॉश द्यायला घेतला की ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळून रेघ उमटते. कूलर लावावा तर कागद फुगतो. शेवटी पहाटे साडेचारला उठून, कागद पाटावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने ताणून, सहाच्या आत आभाळ उरकायचं असा नेम केला. सी विंगच्या ज्यांना माझ्या बाल्कनीत पहाटे दिवा दिसायचा, त्यांना आता कारण कळलं असेल. पहिली चार पानं एकेक करून पुरी केली, तर चारांचं आभाळ चार गावचं. मग सावंतवाडीचा कारागीर आठवला. एका वाटीत एकच निळा कालवून सगळ्या पानांची आभाळं सलग दोन पहाटेत घेतली. काळ्या मातीला काळा रंग लावू नये हेही तेव्हाच कळलं, मेल्यासारखी दिसते. गडद निळा आणि तपकिरी मिसळला की आपली कपाशीची जमीन दिसते.

चित्रं कोणती काढायची? इटलीचे पोप आणि इंग्लंडचे राजे मला काढायचे नव्हते. अठरावं पान चंद्र, तिथे लोणारचं सरोवर घेतलं. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, सूक्ष्म जीवांमुळे, तो गुलाबी काढताना तीन कागद वाया गेले. तिसरं पान सम्राज्ञी. या जिल्ह्यात ती कोण, हे सांगायला नको. पण जिजाऊंचा चेहरा पत्त्यावर, जो कोणी टेबलावर आपटेल, तिथे काढायला माझा हात धजला नाही. सिंदखेडराजाच्या वाड्याचं प्रवेशद्वार काढलं, उघडं. सावंतवाडीला देव पत्त्यांवर चालतात, मग तुम्हालाच का अडचण, असं नातीने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दार तसंच आहे.

दहावं पान दैवचक्र. इथे मात्र विचार करावाच लागला नाही. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. वाघ घराण्यातले चंद्रभान महाराज यांनी सुरू केलेली ही रीत, तीन-साडेतीनशे वर्षांची सांगतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजा, करंजी म्हणजे तिजोरी, मसूर म्हणजे शत्रू, भादली म्हणजे रोगराई. रात्री तिथे कोणी थांबायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं ते पाहून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. याला शास्त्राचा आधार नाही असं अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. पण पुरीला पृथ्वी आणि करंजीला तिजोरी म्हणणाऱ्याची नजर चित्रकाराची आहे, एवढं मी म्हणेन.

अकरावं पान न्याय. हे सांगायचं की नाही, काल रात्रीपर्यंत ठरत नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी त्याच पट्ट्यातल्या एका शाखेत होतो. अक्षय तृतीयेनंतर पीककर्जाची गर्दी व्हायची आणि प्रत्येक जण घटाची बातमी घेऊन यायचा. एका शेतकऱ्याने सांगायला सुरुवात केली तसा मी सगळ्या शाखेसमोर त्याची थट्टा केली. पदवीधर होतो, तरुण होतो. त्याच्या अर्जात एक रकाना होता, अपेक्षित उत्पन्न. त्यात मी ज्वारी एकरी आठ क्विंटल लिहिलं. सगळ्यांच्याच अर्जात आठ लिहीत होतो, म्हणजे कर्जाची रक्कम बरोबर बसायची. त्याचं शेत मी पाहिलं नव्हतं. त्या वर्षी त्याला तीनही झाली नाही. घटाचं त्या वर्षी खरं झालं की खोटं, तो माझा विषय नाही. वसुलीला गेलो तेव्हा तो बांधावर बसला होता. आवाज चढवला नाही. म्हणाला, “सायेब, घट सांगनारा निदान पहाटी उठून, वाकून पाह्यते, अन् चार लोकाइसमोर सांगते. तुमचं आठ क्विंटल कोनं पाह्यलं होतं?”

मी गाडीला किक मारून निघून आलो. पुढे मुदतवाढ मिळवून दिली, ते नियमातच होतं, त्यात माझा मोठेपणा नाही. पण शेत पाहिल्याशिवाय तो रकाना मी पुन्हा भरला नाही. आणि त्याला उत्तरही दिलं नाही. पाच-सहा वर्षांनी त्या गावाला गेलो तर घर बंद होतं, मंडळी सुरतेकडे गेल्याचं कळलं.

स्मिथबाईंच्या पानावर न्यायाची देवता सिंहासनावर आहे, हातात तलवार आणि तराजू. माझ्या पानावर बांध आहे, बांधावर बसलेला माणूस आहे, आणि पुढे एक कोरा रकाना. आठचा आकडा आधी काढला होता, तो चांगला दिसत नव्हता म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा सगळं चित्र घेतलं आणि तेवढी जागा कागद म्हणून सोडली. माणसाचा चेहरा सहा वेळा करून पाहिला. आता जो आहे तो पुरता त्याचा नाही. इतर एकवीस पानांवर कोपऱ्यात माझी नुसती आद्याक्षरं आहेत. या एकावर पूर्ण सही आहे, बँकेत करायचो तशी.

नात दिवाळीत मूळ चित्रं घेऊन जाईल आणि निम्म्या आकारात छापून कॅट करेल. ती त्यावर भविष्य पाहील की मैत्रिणींशी खेळेल ते तिचं ती ठरवेल. मी सांगितलं आहे की कोणाला दाखवताना अकरावं पान वगळू नकोस.

चित्रं रविवारपर्यंत इथेच आहेत. काच लावलेली नाही, परवडली नाही. तेव्हा मुलांना ओल्या हातांनी जवळ येऊ देऊ नका, आणि ज्यांच्या हातात आता आइस्क्रीमचे कप आहेत त्यांनीही जरा लांबूनच पाहावं. जलरंग आहे, एक थेंब पुरतो.