सामोरें जाणें



राळेगणसिद्धीस मी पहिल्यानें गेलों, त्या दिवशीं गांवांत कोणी पाहुणे यावयाचे होते. रस्त्यावर दूर धूळ दिसतांच वेशीपाशीं उभे असलेले गांवकरी हलगी-लेझीम घेऊन पुढें निघाले. पाहुण्यांची वाटेंत गांठ पडली. पण त्यांच्याबरोबर गांवकरी कोठें निघून गेले नाहींत. त्यांना मध्यें घेऊन ते गांवाकडेच परतले. ही साधी गोष्ट मी विसरूनही गेलों असतों. परंतु पुढें नगरास एका ख्रिस्ती मित्राच्या वडिलांच्या दफनविधीस जाण्याचा प्रसंग आला, आणि तिची मला पुन्हां आठवण झाली.

त्या विधींत संत पौलानें थेस्सलनीका येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील एक उतारा वाचण्यांत आला. घरीं परततांना मित्राच्या बारा वर्षांच्या मुलीनें मला विचारलें, “आजोबांना न्यायला प्रभु येईल, तेव्हां मी मागें राहिलें तर?” एके दिवशीं खरे भाविक अकस्मात् अदृश्य होतील आणि उरलेल्यांना सात वर्षें घोर संकट भोगावें लागेल, असें तिनें कोठेंसें ऐकलें होतें. मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. आजचें भाषण हें तें राहिलेलें उत्तर आहे, असें समजावें.

प्रथम मूळ पत्राकडे पाहूं. तें इसवी सन ५० च्या सुमाराचें. ख्रिस्त लौकरच परत येईल अशी तेथील मंडळीची श्रद्धा होती. पण तत्पूर्वींच कांहीं आप्त मरण पावले. त्यांचें काय होणार, ही त्या लोकांची चिंता होती. पौल त्यांना धीर देतो. मेलेले आधीं उठतील, मग जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांत उचलले जातील व प्रभूला सामोरे होतील, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. आणि ह्या शब्दांनीं एकमेकांचें सांत्वन करा, असें सांगून तो तो विषय संपवितो. ‘उचलले जाणें’ ह्यासाठीं लॅटिन भाषांतरांत जें क्रियापद आलें, त्याच धातूपासून इंग्रजी ‘रॅप्चर’ हा शब्द निघाला. सात वर्षांचा हिशेब त्या उताऱ्यांत नाहीं. तो दानिएलाच्या ग्रंथांतील सत्तराव्या सप्तकाचा अर्थ लावून तेथें आणलेला आहे.

ख्रिस्ताचें पुनरागमन ही ख्रिस्ती धर्माची पुरातन श्रद्धा आहे. तिच्याविषयीं येथें वाद नाहीं. वाद आहे तो त्या आगमनाचे दोन भाग पाडण्याविषयीं. संकटापूर्वीं गुप्तपणें येऊन भाविकांस घेऊन जाणें हा एक, आणि संकटानंतर उघडपणें येणें हा दुसरा. ह्या मतास पद्धतशीर रूप दिलें तें जॉन नेल्सन डार्बी ह्यांनीं, १८३० नंतरच्या दशकांत. डार्बी हे आयर्लंडमधील धर्मोपदेशक. पुढें प्लिमथ ब्रदरन् पंथाचे अग्रणी झाले. त्यांच्या अमेरिकेंतील प्रवासांनीं आणि विशेषतः १९०९ मध्यें निघालेल्या स्कोफील्ड ह्यांच्या टीपांसहित बायबलानें हें मत दूरवर पोंचलें.

पण डार्बींना तें सुचलें कोठून? त्यांचें स्वतःचें म्हणणें असें कीं, घोड्यावरील अपघातानंतर अंथरुणावर असतां केवळ शास्त्राच्या वाचनानें आपणांस ह्या विचाराची दिशा सांपडली. ट्रेगेलिस ह्या विद्वानानें १८६४ मध्यें निराळेंच सांगितलें: लंडनमधील एडवर्ड अर्व्हिंग ह्यांच्या मंडळींत कोणी आवेशांत बोललें, त्यांतून हें मत निघालें. ह्याच अर्व्हिंगनीं लाकुन्झा नामक चिली देशच्या जेसुइटाचा पुनरागमनावरील ग्रंथ १८२७ मध्यें इंग्रजींत आणला होता. म्हणून कित्येक जण उगम तेथें दाखवितात. १९७३ मध्यें मॅक्फर्सन ह्या लेखकानें सारें श्रेय, किंवा सारा दोष म्हणा, स्कॉटलंडांतील पोर्ट ग्लासगोच्या मार्गारेट मॅक्डोनल्ड ह्या तरुणीस १८३० मध्यें झालेल्या दर्शनाकडे दिला. तिचा वृत्तांत नॉर्टन ह्यांनीं १८४० मध्यें छापला आहे. पण तो वाचला म्हणजे भाविकांनाही अग्निपरीक्षेंतून जावें लागेल, असाच त्याचा सूर दिसतो. आणि तेथील प्रकार डोळ्यांनीं पाहून आलेल्या डार्बींनीं ते ईश्वरी नसल्याचें पुढें लिहून ठेविलें आहे.

डार्बींचे अनुयायी उलट दिशेनें जातात. मॉर्गन एडवर्ड्स ह्यांनीं विद्यार्थिदशेंत, १७४२ ते १७४४ च्या दरम्यान, लिहिलेला आणि १७८८ मध्यें छापलेला निबंध ते पुढें करतात. त्यांत भाविकांचें उचललें जाणें साडेतीन वर्षें आधीं घातलेलें आहे. संत एफ्राइमच्या नांवावर चालत आलेलें एक लॅटिन प्रवचनही दाखविण्यांत येतें. पण त्याचा कर्ता व काळ दोन्ही अनिश्चित आहेत.

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपण म्हणतों. ह्या नदीचेंही एकच मूळ दाखवितां येईल, असें मला वाटत नाहीं. फ्रान्समधील क्रांति आणि नेपोलियनचीं युद्धें ह्यांनीं हादरलेल्या इंग्लंडांत ‘अंत जवळ आला’ ही भावना हवेंतच होती. १८२६ पासून ऑल्बरी येथें भविष्यवचनांवर परिषदा भरत होत्या. अशा हवेंत एकच विचार अनेकांच्या मनांत उगवतो, आणि मग चोर कोण व साव कोण, ह्याचा वाद शतकभर चालतो.

आपल्या नगरकडे पाहिलें तर ह्याच सुमारास एक निराळी आशा तेथें आलेली दिसते. १८३१ च्या डिसेंबरांत ग्रेव्ह्ज, हर्व्ही आणि हॉलिस रीड हे अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक अहमदनगरास राहावयास आले. ह्या रीडनीं १८४९ मध्यें इतिहासांतील ईश्वरी हातावर ग्रंथ प्रसिद्ध केला. छापखाने, प्रवास, राज्यांच्या उलाढाली ह्या साऱ्यांतून देव आपलें राज्य ह्याच पृथ्वीवर वाढवीत आहे, असा त्याचा विश्वास. एकाला जग बुडतें जहाज दिसलें, दुसऱ्याला नांगरलेलें शेत. नगरच्या मिशनच्या शाळा, १८४२ मध्यें तेथें सुरू झालेला ‘ज्ञानोदय’, ही दुसऱ्या दृष्टीचीच मशागत होय.

आतां वेशीकडे परत येऊं. पौलानें ‘सामोरे होणें’ ह्या अर्थीं वापरलेला ग्रीक शब्द नगरजन बाहेर येऊन थोर पाहुण्यास गांवांत आणतात, त्या प्रसंगींही वापरीत असत. पौल स्वतः रोमकडे येत असतां तेथील बंधु वाटेवर त्यास सामोरे आले. तेथें हाच शब्द आहे, आणि मग सारे रोमकडेच गेले. म्हणून कित्येक अभ्यासक म्हणतात कीं, मेघांतील भेट ही पलायन नसून स्वागत आहे. प्रतिपक्षाचें उत्तरही ऐकलें पाहिजे: योहानाच्या शुभवर्तमानांत येशू शिष्यांना पित्याच्या घरीं नेण्याचें वचन देतो, आणि एका शब्दावर सारा सिद्धांत उभारतां येत नाहीं. हें म्हणणें रास्त आहे. परंतु सामोरें जाणारा मनुष्य घरदार टाकून जात नाहीं. तो आधीं अंगण झाडतो, सडा घालतो, मग वेशीवर जातो, एवढें आपणां मराठी माणसांस कोणी शिकवावें लागत नाहीं.

त्या मुलीस मी आतां इतकेंच सांगेन: बाळ, तें पत्र तुझ्यासारख्या, ज्यांचें माणूस गेलें त्यांच्यासाठीं लिहिलें होतें. ‘मागें राहणाऱ्यांचें काय’ ही भीति त्यांत नाहीं. ‘पुढें गेलेले हरवले नाहींत’ हा दिलासा आहे. बाकीचा हिशेब माणसांनीं पुढें मांडला, आणि माणसें अजून त्यावर भांडत आहेत. तूं आजोबांचें अंगण झाडून ठेव.