कल्ला उचलून बघा



बोईसरहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या माणसाचे दिवसातले कितीतरी तास गाडीत जातात. त्या वेळात पूर्वी भजने व्हायची, पत्ते पडायचे, भाजी निवडली जायची. आजही होते. पण आता डब्यातल्या निम्म्या कानांत इअरफोन असतात आणि त्यांतून गाण्यांइतकीच भाषणे, गप्पा, मुलाखती ऐकल्या जातात. यालाच आपण पॉडकास्ट म्हणतो. मला आज या कानांविषयी बोलायचे आहे, कारण कान हा फार लवकर विश्वास ठेवणारा अवयव आहे. छापलेल्या ओळीवर आपण थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो. आवाज मात्र पुढे निघून जातो, आणि आवाज गोड असला, आपुलकीचा असला, की त्याने काय सांगितले ते तपासायचे राहूनच जाते.

एका पॉडकास्टमध्ये मधुमेह तीन आठवड्यांत मुळापासून घालवण्याचा उपाय सांगितलेला असतो. दुसऱ्यात एखादा डॉक्टर इन्सुलिन शरीरात काय काम करते ते सांगत असतो. दोघांचे आवाज सारखेच शांत, दोघांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द सारखेच, दोघांच्या मागे तेच मंद संगीत. मग ओळखायचे कसे?

आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे शिकवावे लागू नये. सातपाटीचा पापलेट घेताना आपण काय करतो? टोपलीपुढे बसतो, मासा हातात घेतो, कल्ला उचलून आतला रंग बघतो. बोटाने दाबून बघतो, खड्डा तसाच राहतो की भरून येतो. कल्ल्याजवळ दाबल्यावर कसले पाणी येते, तेही बघतो. मासळीवाली वर्षानुवर्षांच्या ओळखीची असली तरी कल्ला बघतोच. त्यात तिला अपमान वाटत नाही; माल ताजा असेल तर तीच कल्ला उघडून दाखवते. जी हात लावू देत नाही, नुसता बर्फ चढवून मासा चमकवते, तिच्याकडून आपण उठतो. मग फोनवर आलेला उपाय, इशारा, चमत्कार आपण कल्ला न उचलता घरी का आणतो? काका-मामांनी पाठवला म्हणून? ओळखीच्या मासळीवालीचा कल्ला आपण बघतो, तर काकांच्या संदेशाचाही बघावा. काकांचा मान तेवढाच राहतो.

माहितीचा कल्ला उचलायचा म्हणजे एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून? चांगले पॉडकास्ट आणि वाईट पॉडकास्ट यांतला फरक एवढ्यातच आहे. चांगले पॉडकास्ट निष्कर्ष सांगून थांबत नाही, तो कशावरून काढला ते उघडून दाखवते. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ स्टीव्हन नोव्हेला आणि त्यांचे सहकारी २००५ पासून दर आठवड्याला 'द स्केप्टिक्स गाइड टू द युनिव्हर्स' हे पॉडकास्ट करत आले आहेत. त्यात एक खेळ असतो. विज्ञानातल्या काही बातम्या वाचायच्या, त्यांतली एखादी खोटी असते, ती बाकीच्यांनी तर्काने शोधायची. शोधणाऱ्याने प्रत्येक बातमीवर मोठ्याने विचार करायचा. खरी मजा त्या मोठ्याने केलेल्या विचारात आहे. बीबीसीचा 'मोअर ऑर लेस' हा कार्यक्रम बातम्यांतले आकडे घेतो आणि ते आले कुठून हे शोधत मागे मागे जातो. आपल्या आकाशवाणीनेही १९९१ पासून 'मानव का विकास' ही १४४ भागांची मालिका देशातल्या अनेक भाषांत ऐकवली होती. म्हणजे कानांना विचार करायला लावता येतो. मराठीत यासाठी सामग्रीही भरपूर आहे.

एकच उदाहरण देतो. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका तयार केल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या आणि विचारले, यांतले हुशार कोण ते सांगा. उत्तरे २७ जणांनी पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून सांगितले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. या चाचणीत कोणालाही शिवी दिलेली नाही, कोणाच्या देवाला हात लावलेला नाही. फक्त कल्ला उचलला. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे आपण जाणतोच. पण ही चाचणी कशी रचली, पत्रिकांच्या क्रमाचा कोणाला सुगावा लागू नये म्हणून काय केले, हे किती जणांनी ऐकले आहे? यावर एक अख्खा भाग होईल.

आता थोडे रागावून बोलतो. पाड्यावरच्या माणसाला आपण अंधश्रद्ध म्हणतो आणि स्वतः मोबाइलच्या पाठीला 'रेडिएशन शोषणारी' चकती चिकटवतो. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. किरणोत्सर्ग मोजणे हे जिथल्या माणसांचे रोजचे काम आहे, त्या परिसरात तरी अशी चकती विकली जाऊ नये! कशावरून शोषते? मोबाइलच्या लहरी आणि अणुभट्टीतला किरणोत्सर्ग या वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलच्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जाच नसते. आणि चकतीने लहरी खरोखर शोषल्या असत्या तर फोन लागलाच नसता. एवढा विचार करायला पदवी लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कशावरून म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे उडवून लावणे नव्हे. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याने मासळी गेली असे नवापूर-दांडीचे मच्छीमार सांगत होते, तेव्हा तो त्यांचा भ्रम नव्हता. मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, पाहणी झाली, पाणी तपासले गेले. त्यांनी कशावरूनचे उत्तर दिले. भीती खरी की खोटी हे तपासणीने ठरते, भीती कोणाची आहे यावरून नाही.

भूकंपाचेही तसेच. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांमागून धक्के बसले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. जमिनीतून स्फोटासारखा आवाज येतो असे लोक सांगत होते, आणि ते खरेच होते. धक्के उथळ असले की आवाज ऐकू येतो. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे यंत्रे बसवली. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरण्याशी याचा संबंध असावा असे काही शास्त्रज्ञ मांडतात. 'असावा' म्हणतात, हे लक्षात घ्या. चांगले पॉडकास्ट हा 'असावा' जपते. पण अमक्या रात्री मोठा धक्का बसणार असे कोणी सांगितले, तर विचारायचे, कशावरून? भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. हैदराबादला नाही, जपानलाही नाही.

आणि गडचिंचले गाव. १६ एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस, रात्री चोर फिरतात, मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा गावोगाव, आणि दोन साधू व त्यांचा चालक अशी तीन माणसे जमावाने मारली. मला यावर जास्त बोलवत नाही. त्या संदेशांपैकी एक जरी कोणी पुढे पाठवण्याआधी थांबून, कशावरून, असे विचारले असते तर... असो.

वेळ संपत आली आहे, घड्याळाकडे बोट दाखवले जाते आहे. मला अजून बरेच सांगायचे होते, पण एक काम सांगून उठतो. वसई ते तलासरी कॉलेजांतल्या मुलामुलींनो, हे पॉडकास्ट तुम्ही काढा. मोबाइल आहे, आवाज आहे. वाडवळीत काढा, मांगेलीत काढा, वारलीत काढा. आजी ज्या बोलीत बोलते त्या बोलीत कशावरून विचारले, तर तिला ते परक्याचे वाटणार नाही. पहिला भाग सर्पदंशावर करा, आणि पावसाळ्याआधी करा. साप चावल्यावर माणसे भगताकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, का जातात ते आधी नीट समजून घ्या. भगत जवळ असतो, दवाखाना लांब असतो. आणि भगताकडे गेलेले बरेच जण खरेच जगतात, कारण बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापसुद्धा कधी कधी विष न सोडता चावतो. जगलेले सगळ्यांच्या लक्षात राहतात. जे गेले, त्यांच्याबद्दल नशीब म्हणतात. दोन्ही मोजा. हे भगताला शिव्या न देता सांगा, त्यालाच बोलवा, त्यालाच विचारा. मग कासा किंवा डहाणूच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना बोलवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, हे त्यांच्या तोंडून ऐकवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही, हेही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. हातपाय न हलवता माणसाला आडवे ठेवायचे आणि १०८ ला फोन करायचा. आणि हे सगळे कशावरून, तेही डॉक्टरांनाच विचारा...

बाकीचे पुन्हा कधीतरी.