न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आणि दोन वॉर्डसेविका



वकील-प्राध्यापकांच्या या व्यासपीठावर एका न्यायमूर्तींविषयी बोलायला युनियनवाल्याला उभे केले, हे धाडस चालकांचे. माझी शाळा नववीत सुटली. कायदा मी शिकलो तो लेबर कोर्टाच्या बाकावर, आणि प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे नाव मला तेथेच भेटले.

साताऱ्यास संस्कृत पंडितांच्या घरात 1901 साली जन्म. 1926 पासून मुंबई हायकोर्टाच्या अपील शाखेत वकिली, 1945 साली तेथेच न्यायमूर्ती, 1957 साली सुप्रीम कोर्ट, 1964 ते 1966 सरन्यायाधीश. पुढे राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद. त्याचा अहवाल 1969 चा. पदांची यादी याहून लांब आहे, ती राहू द्या. मला सांगायचे आहे ते दोन वॉर्डसेविकांविषयी.

मुंबईच्या जे. जे. समूहाच्या रुग्णालयांतून सरकारने त्यांना कमी केले. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली 25-एफ हे कलम आले होते. वर्षभर सलग राबलेल्याला काढायचे तर महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार द्या, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्या. ती भरपाई दिलीच नव्हती. सरकारचे म्हणणे, रुग्णालय हा काय कारखाना आहे? येथे नफा कोठे आहे? हॉस्पिटल मजदूर सभा लढली. 1960 साली निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला : नफा नसला तरी रुग्णालय हा उद्योगच, आणि भरपाई ही कपातीआधीची अट आहे, ती पाळली नाही तर कपातच बेकायदा.

हा निकाल मी शब्दकोश उशाशी घेऊन आठ रात्री वाचला. एका खासगी रुग्णालयाने आमच्या एका आयाबाईला दोन ओळींचा कागद देऊन घरी बसवले होते. ‘दादा, मी कोणाच्या हिशेबात आहे का?’ असे तिने विचारले होते. नवव्या दिवशी मला तिला उत्तर देता आले.

पण म्हणून त्यांना ‘आपले’ न्यायमूर्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही. 1963 साली दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात कॉलेजच्या बसचे ड्रायव्हर भरपाई मागत आले, तेव्हा याच लेखणीने लिहिले की शिक्षण हा उद्योग नव्हे. वॉर्डात बादली उचलणारी कामगार, आणि मुलींना कॉलेजात पोचवणारा नाही! त्यांचा युक्तिवाद मी पुनःपुन्हा वाचला. तो बारीक आहे, प्रामाणिकही आहे. पटत नाही.

1970 साली दुसऱ्या खंडपीठाने रुग्णालयाचा निकालही पुसला. 1978 साली सात न्यायाधीशांनी बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात तो पुन्हा उभा केला आणि दिल्लीचा मोडला. गजेंद्रगडकर तेव्हा हयात होते. 1981 साली ते वारले. त्या बस ड्रायव्हरांच्या दृष्टीने मात्र पंधरा वर्षे उशीर झाला होता.