एक संगणक, अनेक हात

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



लालबाग-परळच्या चाळीत एकेकाळी निरनिराळ्या पाळ्यांचे आठ-दहा गिरणीकामगार एका खोलीत राहत. खोली सर्वांची, ट्रंक मात्र ज्याची त्याची, आणि तिला कुलूप. त्या कुलपाचा कोणी राग मानीत नसे. आज घरातला एकुलता संगणक आपण त्या खोलीसारखाच वापरतो, पण ट्रंका उघड्या टाकून. माझ्याच घरी धाकट्याने खेळासाठी जागा करताना डी ड्राइव्हवरचा थोरलीचा प्रकल्प पुसून टाकला. परीक्षा आठवड्यावर आली होती. दोष मुलाचा नव्हे, कुलूप न लावणाऱ्या बापाचा होता.

उपाय अवघड नाही. विंडोजमध्ये प्रत्येकाचे निराळे खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा आणि ही खाती 'स्टँडर्ड' ठेवावीत. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते एकाच जबाबदार माणसाकडे असावे. त्याने ड्राइव्हवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', मग 'एडिट' येथे जावे. ज्यांनी ड्राइव्ह वापरायचा त्यांची नावे जोडावीत. 'ऑथेंटिकेटेड यूजर्स', 'यूजर्स', 'एव्हरीवन' हे सामायिक गट काढावेत. 'सिस्टिम' व 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' यांना हात लावू नये. गटापुढे 'डिनाय'ची खूण करू नये. ती मनाई आपल्यालाही लागू होते. विंडोज ज्यावर आहे त्या सी ड्राइव्हवर हा प्रयोग मुळीच करू नये. 'सिक्युरिटी' हा भाग दिसलाच नाही, तर तो ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीचा नसतो. त्यावर असे कुलूप बसत नाही.

काहीजण ड्राइव्ह नुसता लपवितात. तो पडदा झाला, कुलूप नव्हे. आणि डिस्कच काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर वरील कुलूपही पुरत नाही. तेथे बिटलॉकरसारखी मजकूर सांकेतिक करणारी सोय लागते. शिवाय महत्त्वाच्या कागदांची एक प्रत अन्यत्र ठेवावी. कुलूप चोरापासून वाचविते, बिघाडापासून नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. ज्याच्या हाती मुख्य किल्ली, तो सर्वांच्या ट्रंका उघडू शकतो. म्हणून ती किल्ली हुकमत नव्हे, अमानत आहे. मुलाला स्वतंत्र खाते द्याल, तसे मुलीलाही द्या. विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याचे बंद दार दिसले की उघडून पाहण्याचा मोह आवरा. तोही अभ्यासाचाच भाग आहे.