रंगाऱ्याचा रोज

दसरा-दिवाळी जवळ आली की गृहस्थाचे लक्ष घराच्या भिंतींकडे जाते. पावसाळ्यात आलेली ओल, खिडकीखाली सुटलेले पोपडे, छताच्या कोपऱ्यात धरलेली काजळी या साऱ्या गोष्टी एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात. रंगाऱ्याला बोलावणे जाते. तो खोलीच्या मध्यभागी उभा राहून चारही भिंतींवरून नजर फिरवतो, एखादा पोपडा नखाने टोकरून पाहतो आणि एक आकडा सांगतो. गृहस्थ म्हणतो, ‘‘मिस्त्री, शेवटचे काय ते बोला.’’ आकडा थोडा खाली येतो आणि सौदा ठरतो. तो आकडा नेमका कशाचा, हे मात्र दोघांपैकी कोणीही विचारलेले नसते. पुढे होणाऱ्या कुरबुरींचे मूळ बहुधा येथेच असते.

पहिली चूक मापाची. घर विकत घेताना जमीन मोजण्याची सवय लागलेली असते, म्हणून रंगाचा अंदाजही जमिनीवरूनच बांधला जातो. वस्तुतः रंग लागतो तो भिंतींना आणि छताला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक साधी खोली घ्यावी. तिची जमीन १२० चौरस फूट. चार भिंती मिळून ४४० आणि छत १२० असे एकूण ५६० चौरस फूट होतात. एक दरवाजा व एक खिडकी यांचे सुमारे ३७ फूट वजा केले, तरी ५२३ उरतात. म्हणजे जमिनीच्या चौपटीहून अधिक.

मोजणीचे नियमही या व्यवहारात फार पूर्वी ठरून गेले आहेत. भारतीय मानकांच्या मापपद्धतीत अर्ध्या चौरस मीटरहून मोठा नसलेला झरोका मापातून वजा करीत नाहीत, कारण त्याच्या कडा रंगवण्याचे श्रम वाचलेल्या जागेची भरपाई करून टाकतात. पॅनेलच्या दरवाजाची प्रत्येक बाजू सपाट मापाच्या १.३० पट धरली जाते. त्यातील खाचाखोचांत कुंचला फिरवावाच लागतो. मोठ्या सरकारी इमारतींना लागणारा हा न्याय दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला लागू नये, असे काही नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. गृहस्थाच्या डोळ्यांसमोर रंग असतो, रंगाऱ्यासमोर मात्र भिंत असते. जुना रंग खरवडणे हा एक फेरा. पुट्टीचे दोन हात, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे, मग प्राइमरचे अस्तर, आणि शेवटी रंगाचे दोन हात. हे सर्व मिळून एकाच भिंतीवरून माणसाचा हात सात वेळा फिरतो. ५२३ चौरस फुटांच्या सात फेऱ्या म्हणजे साडेतीन हजार फुटांहून अधिक. १२० फुटांच्या खोलीचे काम हाताला तीसपट होऊन भेटते, आणि त्यातला बराचसा भाग मान वर करून, घोडीवर उभ्याने करावयाचा असतो.

म्हणून अंदाज रुपयांत बांधण्यापूर्वी तो रोजांत बांधावा. रुपयाचा भाव गावागणिक आणि सालागणिक बदलतो. माणसाचा दिवस मात्र इंदूरला, हैदराबादला आणि मुंबईला सारखाच असतो. उदाहरणापुरते असे धरू की खरवडणे व भेगा बुजवणे यांस एक रोज, पुट्टी व घासणी यांस दोन, प्राइमरला अर्धा, रंगाच्या दोन हातांना दीड, दरवाजा-खिडकीला एक, आणि सामान हलवणे, झाकणे व शेवटची साफसफाई यांस अर्धा रोज लागला. बेरीज साडेसहा रोज झाली. ज्याला गृहस्थ ‘रंगकाम’ म्हणतो, तो भिंतीवरचा रंग यात केवळ दीड रोजाचा आहे. भिंत ओली असेल किंवा फार खराब असेल, तर वाढणारा वेळ रंगाचा नसतो. तो पहिल्या तीन रोजांचाच असतो.

वाळण्याच्या वेळेचा हिशेबही कोणी करीत नाही. एकाच खोलीचे काम असेल, तर पुट्टी वाळेपर्यंत रंगारी रिकामा बसतो. तीन खोल्या असतील, तर तो तेवढ्यात दुसऱ्या खोलीत जातो. लहान कामाचा फुटामागचा दर मोठ्या कामाहून अधिक पडतो तो यामुळे. त्यात लबाडी नाही. जुन्या तैलरंगाच्या दरवाजांबाबत आणखी सावधगिरी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीच्या थरांत शिसे अधिक असू शकते. ते कोरडे घासल्यास त्याची धूळ घरातल्या मुलांच्या व रंगाऱ्याच्याही पोटात जाते. पाणी लावून घासण्यास वेळ अधिक लागतो, पण तो वेळ अंदाजात धरलाच पाहिजे.

रोजांची संख्या ठरली की प्रश्न उरतो तो एका रोजाच्या किमतीचा. १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने या प्रश्नाचे उत्तर बाजारभावात न शोधता संसारात शोधले. एका मिळवत्या माणसामागे तीन उपभोग-घटक, प्रत्येकी २७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी किमान वेतनाचा २० टक्के भाग, असे ते मोजमाप होते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व म्हातारपण यांसाठी त्यात आणखी २५ टक्क्यांची भर घातली. ही गरज महिन्याची आहे. ती २६ दिवसांनी भागून रोज काढण्याची रीत आहे; पण रंगाऱ्याला महिन्यात २६ दिवस काम कोठे मिळते? ज्याला अठराच दिवस मिळतात, त्याच्या हाती त्या हिशेबाने गरजेचे सुमारे सात दशांशच पडतात. त्याचा रोज पगारी माणसाच्या रोजाहून चढा असतो तो याच कारणाने. त्या रोजात आषाढातले रिकामे दिवसही भागवावयाचे असतात.

ठेकेदार मध्ये असेल, तर त्याचा वाटा वेगळा लिहावा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात माल व मजुरी यांच्यावर नफा आणि वरखर्च म्हणून ठराविक टक्के वेगळे दाखवले जातात. घरगुती कामात तसे न केल्यास तो वाटा मुकाट्याने मजुरीतून निघतो.

आता त्या सौद्याकडे पुन्हा पाहावे. साडेसहा रोजांचे काम घासाघीस करून साडेचारांत बसवले, तर उरलेले दोन रोज कोठे गेले? भिंत तर तेवढीच राहिली. मग एक तर पुट्टीचा दुसरा हात गेला, प्राइमर पातळ झाले आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटले. नाही तर काम चोख झाले आणि ते दोन दिवस कोणाच्या तरी घरच्या धान्यातून वजा झाले. गृहस्थाला वाटलेली बचत या दोहोंपैकी एका जागी नक्की सापडते.

यावर उपाय अगदी साधा आहे. एका कागदावर मापे लिहावीत, त्याखाली कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्याचे रोज, आणि माल कोणी आणावयाचा ते नमूद करावे. खरवडल्यावर आतून भिंत खराब निघाली, तर वाढीव रोज कोणत्या दराने द्यावयाचे, हेही आधीच ठरवावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. असा कागद हाती असला की घासाघीस करता येते. फक्त ती आकड्यावर न होता कामावर होते. ‘‘छत यंदा राहू द्या,’’ असे म्हणता येते. ‘‘तेवढेच काम करा, पण दोन दिवस फुकट करा,’’ असे मात्र त्या कागदासमोर कोणाच्याही तोंडून निघत नाही.