कर्जतकरांचा रामराम

अध्यक्षमहोदय, मुंबई-पुण्याहून आलेली डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी आणि मायबाप कर्जतकरहो,

संत गोदड महाराजांच्या नगरीत आपलं मनापासून स्वागत. आषाढीनंतर कामिका एकादशीला पांडुरंग स्वतः महाराजांच्या भेटीला कर्जतला येतो, अशी आमची श्रद्धा. त्या दिवशी रथ ओढायला अख्खा तालुका लोटतो. आल्या पाहुण्याला देव मानायचं, हे आम्ही त्या रथामागं चालत शिकलो.

रयतचं दादा पाटील महाविद्यालय, रेहेकुरीची काळविटं, भीमाकाठचा सिद्धटेकचा गणपती, किती सांगू! पण राशीनच्या देवीचं दर्शन घेतल्यावाचून कुणी जाऊ नका. तिथल्या दीपमाळा वरून हलवल्या की डोलतात आणि पुन्हा ताठ उभ्या राहतात. लहानपणी आजोबांचा हात घट्ट धरून मी ते पाहिलं, आजही अंगावर काटा येतो.

दीपमाळ डोलून पुन्हा सावरते, तसा माणसाच्या शरीराचा तोल लहान मेंदू सांभाळतो आणि या परिषदेचा विषय असलेली मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे कर्करोगाची, गाठ तिथंच होते, हे परिषदेच्या तयारीच्या बैठकीत कळलं. तेव्हा भावकीतलं एक पोर डोळ्यांपुढं आलं. सकाळी उठलं की डोकं धरायचं, ओकायचं, भिंतीला धरून चालायचं. आम्ही पित्त म्हणालो, दृष्ट काढली, चष्मा केला. त्यात महिने गेले. पुढं मुंबईला शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, मग केमो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आईबापाला आसरा दिला. पोर आज शाळेत जातं. आता खारघरला टाटाच्या केंद्रात प्रोटॉन उपचारही मिळतात, पण तिथवर पोर वेळेत पोचायला हवं. म्हणून विनंती, दुपारचं एक सत्र आमच्या आशाताई आणि प्राथमिक शिक्षकांना द्या. पहाटेची डोकेदुखी, ओकारी, झोकांडी, नव्यानं आलेला तिरळेपणा, एवढं त्यांना नीट समजावून सांगा.

व्यवस्थेत उणिवा आहेत, पदरात घ्या. निवास वसतिगृहात आहे, गाद्या पातळ आहेत, काल रात्री वीज गेली त्याबद्दल हात जोडतो. जनित्र देणारे व्यापारी बंधू, ज्वारीची पोती पाठवणारे शेतकरी, पहाटे चारपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटाच्या माउल्या, न मागता मंडप उभा करून देणारी तरुण मंडळं, पाण्याचे टँकर देणारे सगळे, आपले उपकार कसे फेडू? कुणाचं नाव राहिलं असेल तर दोष माझा.

राशीनची गाडी उद्या सकाळी सहाला वसतिगृहासमोरून सुटेल. चहा गाडीतच मिळेल.